मान हलली

"पण बुवा, समोरच्याला समजलं, हे ओळखायचं कसं? मला त्याचा नेमका नियम हवाय."

विचारणारा विनीत खैरमोडे. विद्यापीठात शिक्षण-तंत्रज्ञानात पीएचडी करत होता. निरंजनबुवा तळ्याकाठच्या मठीत एकटेच राहत. कुठे अडलं की लोक त्यांच्याकडे येत, आले होते त्याहून जास्त गोंधळून परत जात, आणि तरी पुन्हा येत.

बुवा पडवीत मटार सोलत होते.

"कसला नियम?"

विनीतनं लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडला. पडद्यावर वर्ग भरला होता. बाकांवरची मुलं खोटी, संगणकातली, पण डोळे मिचकावत होती. नव्या शिक्षकांनी आधी या मुलांवर हात बसवायचा, मग खऱ्या वर्गात जायचं.

"यांना कळलं नाही की कपाळाला आठी पडते, हात वर होतो. नीट समजावलं की आठी जाते. सगळं मी बसवलंय."

आवाजात अभिमान होता. तो लपवायची त्याला काही गरज वाटली नाही.

"गुणी आहेत पोरं," बुवा म्हणाले.

"हो ना! पण…"

"पण काय?"

"सारिकाबाई म्हणून एक शिक्षिका यावर शिकल्या. सगळ्यांत पहिल्या आल्या. मग शाळेत रुजू झाल्या, अपूर्णांक शिकवले. 'समजलं का?' विचारलं, तर अख्खा वर्ग म्हणाला, 'होऽऽ बाई!' आणि परीक्षेत सगळ्यांना भोपळा. माझ्याकडे येऊन रडल्या हो त्या. म्हणाल्या, माझं काय चुकलं तेवढं सांगा. मला सांगता येईना…"

बुवा सोलत राहिले.

"पुढच्या आठवड्यात प्रबंध द्यायचाय. मार्गदर्शक म्हणतात, उत्तम झालाय, देऊन टाक. पण माझा हात धजत नाही. इतकी वर्षं मी केलं तरी काय, तेच कळेनासं झालंय."

त्याला खरोखरच काही कळत नव्हतं. हुशार माणसाला याची सवय नसते. त्याचा चेहरा अगदी केविलवाणा झाला होता.

बुवांनी परात बाजूला सारली. मांडी नीट घातली. डोळे मिटले.

"ऐक. चूल पेटवताना आधी धूर बांधून घ्यावा. मग लाकूड भिजवावं. म्हणजे उजेड आपोआप उकळतो…"

मग त्यांनी डोळे किलकिले केले.

"समजलं?"

विनीतनं मान हलवली. सावकाश, जाणत्या माणसासारखी.

"समजलं, बुवा."

बुवांनी डोळे टक्क उघडले. चटकन पुढे सरकले.

"काय समजलं?"

विनीतनं तोंड उघडलं.

"म्हणजे… धूर म्हणजे अहंकार असावा. आणि लाकूड म्हणजे…"

"हां, लाकूड म्हणजे?"

विनीत परातीतल्या मटारांकडे पाहू लागला.

"बोल ना."

"काहीच समजलं नाही, बुवा."

"मग मान कोणी हलवली?"

"मीच." विनीत ओशाळला. "तुम्ही इतक्या मनापासून सांगत होतात. नाही कसं म्हणायचं?"

त्याची नजर पडद्याकडे गेली. कळलं नाही म्हणून कपाळाला आठ्या घालून मुलं बसली होती. हात वर. त्यांतल्या एकालाही खोटं 'हो' म्हणता येत नव्हतं. विनीतला एकदम भरून आलं. सारिकाबाईंचं काही चुकलंच नव्हतं. त्यांना असा वर्ग त्यानं कधी दाखवलाच नव्हता.

मग तो ताठ बसला.

"बुवा, यांना मी खोटी मान हलवायला शिकवतो. प्रबंध थांबला तर थांबू दे. पण मग शिक्षकानं ते ओळखायचं कसं? तुम्ही मला कसं ओळखलंत? माझे डोळे? माझा आवाज? नेमकं काय दिसलं तुम्हाला? तेवढं सांगा, मी लगेच बसवतो."

बुवा त्याच्याकडे पाहतच राहिले. त्याच्याइतकेच गोंधळलेले.

"ओळखलं कुठे रे? बोललो खरा, पण अर्थ मलाही ठाऊक नव्हता. तू मान हलवलीस… म्हटलं, याला समजलंय, तर विचारून घ्यावं."