अंबाडीच्या दोऱ्यांची झोळी

फार फार पूर्वी, डोंगराकडच्या एका वाडीत तान्ही बाळं भुईवरच निजत. झोळी कशी असते, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. सोनकीची आई दिवसभर बांबू तोडायला जाई आणि तिची चिमुकली बहीण चिमी असे आठ वर्षांच्या सोनकीच्या कडेवर. खाली ठेवली की मुंग्या डसत, म्हणून सोनकी तिला खाली ठेवतच नसे. खेळणं नाही की बागडणं नाही. तिचे इवलेसे हात भरून येत.

एका सकाळी ओढ्याकाठची अंबाडी फुलली होती. पिवळ्याधमक पाकळ्या, मधोमध लालचुटूक ठिपका. एका फुलातून परी उतरली. तिचे पंख दवासारखे लुकलुकत होते.

"दमलीस ना गं? माग, काय हवं?"

"चिमीला मुंग्या डसणार नाहीत अशी जागा!"

परी हसली. तिने अंबाडीच्या काड्या पाण्यात बुडवताच रुपेरी तंतू सुटे झाले. सोनकीने दोऱ्या वळल्या, परीने गाठी शिकवल्या आणि दोन झाडांमध्ये जाळीची झोळी झुलू लागली. चिमी आत खुदकन हसली.

"एक अट आहे हं," परी म्हणाली. "कुणी शिकव म्हटलं, तर नाही म्हणायचं नाही. म्हटलंस, की गाठी सुटल्याच!"

चार दिवसांनी शेजारची गिरजाकाकू आली. चिमी रडते म्हणून हिनेच सोनकीला आणि चिमीला अंगणातून हाकललं होतं. आता तिच्या कुशीत तान्हा नातू होता, मुंग्या डसून अंगभर लाल गांधी उठलेला.

"सोनके, मला शिकवशील?"

सोनकीच्या ओठांवर 'नाही' आलं. झोळीची एक गाठ सैल झाली. पण सोनकीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बाळाच्या सुजलेल्या पावलांकडे बघत होती.

"बसा काकू. आधी काड्या भिजवायच्या."

काकू पाचदा चुकली. सोनकीने पाचदा गाठ सोडवली.

"मी तुम्हाला हाकललं होतं गं," काकूचे डोळे भरले.

"हो. आता ही दोरी ओढा."

मग घरोघरी झोळ्या झुलल्या. ओढ्याकाठी बायका जमत, विणता विणता गाणी रचत. किती गोड दुपारी होत्या त्या!

अशाच एका दुपारी परी पुन्हा आली. "आता स्वतःसाठी माग."

सोनकी लाजली. "मलाही कुणीतरी झोका द्यावा."

परीने सात रंगांची मोठ्ठी झोळी बांधली आणि सोनकीला हळूहळू झुलवलं. रिकामे हात पोटावर ठेवून सोनकी गाढ झोपली. परी सोनेरी उजेड होऊन पानापानांत विरून गेली.

सोनकीने डोळे उघडले तेव्हाही झोळी झुलतच होती. लवकर परतलेली आई झोका देत होती.