खापरीचे अकरा माड

ते समोर, बंदराच्या तोंडाशी, हाकेच्या अंतरावर बेट दिसतं ना, ती खापरी. नुसता कातळ. गोड्या पाण्याचा थेंब नाही. उन्हाळ्यात सुरय पक्षी अंडी घालायला येतात, तेवढीच काय ती वस्ती. तरी तिथं अकरा माड आहेत. मोजा हवं तर. कुणी लावले म्हणाल, तर कुणीच नाही.

असं सांगतात, की इथं चांगुणा नावाची कोळीण राहायची. एका परक्या गलबतानं गावात पटकी आणली आणि तिचा नवरा नि दोन पोरी एका आठवड्यात गेल्या. बाई चवताळली. गावदेवी काळकाईसमोर तिनं अख्ख्या गावाला शपथ घ्यायला लावली, की पटकीचं गलबत बंदरात घ्यायचं नाही, मग त्यात कुणीही असो.

आपलेच दात, आपलेच ओठ! चार वर्षांनी तिचाच मुलगा पोशा मलबाराहून गलबत घेऊन परतला. सोबतचे वाटेतच गेले होते. पोरगा सोन्यासारखा हो! पटकी लागलीय हे त्यानं लांबूनच ओरडून सांगितलं आणि खापरीलाच नांगर टाकला.

पाटील चांगुणेला म्हणाला, "शपथ तुझी, तूच मोड. तू हो म्हण, आत्ता होडी लोटतो."

तिनं मागं पाहिलं. वाळूत शेजारणींची पोरं खेळत होती. तिच्या तोंडून हो निघेना, नाहीही निघेना. काय करील बिचारी! शेवटी एकटीच होडीत चढायला लागली, तर पोशा तिकडून ओरडला, "आये, तू आलीस तर मी पाण्यात उडी टाकीन!"

मग तिनं दारच्या माडाचा एक नारळ न सोलता, सोडणासकट ओहोटीच्या पाण्यात सोडला. ओहोटीची धार थेट खापरीला जाते. पोशानं तो उचलला, कातळावर फोडला, पाणी प्याला. असं तीन दिवस चाललं म्हणे.

चौथ्या दिवशीचा नारळ खडकाशी तसाच हेलकावत राहिला.

"झोपला असंल," चांगुणा म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा सोडला. त्याच्या पुढच्या दिवशीही. बायका रडल्या, पाया पडल्या, पण ती कुठली ऐकते! दारचा माड रिकामा झाला तेव्हाच थांबली. कुणी न उचललेले ते अकरा नारळ भरतीनं वर फेकले आणि कातळाच्या भेगांत रुजले.

आजही त्या माडांवर कुणी चढत नाही. नारळ आपोआप पडतात, भरतीबरोबर या किनाऱ्याला लागतात. ज्या बाईला सापडेल ती तो खात नाही, विकत नाही. ओहोटी लागेपर्यंत थांबते आणि "पोशा, घे रे बाबा," म्हणत पाण्यात परत सोडते.