खालच्या फांदीवरच्या अळंब्या

रशियाच्या बर्फाळ जंगलातल्या खारींची कातडी सीमेपलीकडे चीनला जायची आणि बदल्यात तिकडून चहा यायचा, त्या काळातली ही गोष्ट. एकदा सीमेवरच्या दोन हाकिमांचं मानापानावरून बिनसलं आणि व्यापाराचं दार बंद झालं.

बातमी जंगलात पोचली तशा खारी आनंदानं नाचल्या. आता कातडी घेणार कोण? एरवी हिवाळ्यासाठी अळंब्या शेंड्यावर लपवून सुकवायच्या, त्या त्यांनी खालच्या फांद्यांवर उघड्यावर अडकवल्या. धुरकी नावाच्या म्हाताऱ्या खारीनंही अडकवल्या.

शिकारी आला तो त्या अळंब्यांवरून खारींचा माग काढतच. झाडामागून झाड रिकामं झालं. धुरकीच्या दोन्ही लेकी गेल्या.

संतापलेली धुरकी शेंड्यावरून शिकाऱ्याच्या कुत्र्यावर ओरडली, "अरे, दार बंद आहे ना? मग कशाला मारता?"

"म्हणूनच तर," कुत्रा म्हणाला. "माल पडून आहे, म्हणून व्यापाऱ्यानं भाव पाडला. तेवढ्याच पिठासाठी मालकाला आता दुप्पट खारी द्याव्या लागतात."

"आणि ती कातडी?"

"कोठारात कुजतायत."

"म्हणजे ती कुणाच्या अंगावरसुद्धा जात नाहीत!" धुरकी म्हणाली. "रुसले ते हाकीम, आणि सोललं आम्हाला!"

पुढे हाकिमांचं जमलं, दार उघडलं. घंटा वाजवत घसरगाड्या सीमेकडे निघाल्या. उरलेल्या खारी पुन्हा नाचायला लागल्या, "आता भाव चढणार, आता कमीच मारतील!"

धुरकी नाचली नाही. ती खालच्या फांदीवर उतरली आणि एकेक अळंबी उचलून शेंड्यावर नेऊ लागली.