पळपुट्या थिनरचा खटला

महाराजांची नवी रंगवलेली काळी मोटार ऐन श्रावणात पांढरी पडली.

रंगवली होती भिकाजी जिनगराने, त्यामुळे चूक त्याचीच. रंग पातळ करायला व्याह्यांनी भेट दिलेला थिनरच घालावा, हा हुकूम महाराजांचा होता. पण हुकूम कधी चुकतो का?

"वाढदिवसाच्या मिरवणुकीला गाडी काळीकुळकुळीत हवी," महाराजांनी बजावलं. "आणि थिनर तोच. व्याही मिरवणुकीला येणार आहेत, त्यांचा अपमान चालणार नाही. जमत नसेल तर भिकाजीने संस्थान सोडावं."

भिकाजी घरी जाऊन भांडीकुंडी बांधू लागला. त्याची मुलगी येसू सरळ दरबारात गेली.

"व्याह्यांची गाडी याच थिनरने रंगवली," महाराज गुरगुरले. "ती नाही पांढरी पडली!"

"ती पौषातल्या कोरड्या थंडीत रंगवली, महाराज. थिनरबरोबर त्यांनी तिकडची हवाही पाठवायला हवी होती."

"मग आता काय हवेला हुकूम देऊ?"

"द्यावा की. इथे बाकी सगळे ऐकतातच."

दिवाणजी लगेच दवंडीचा मजकूर जुळवू लागले.

"नाहीतर थिनरवर खटला भरावा," येसू म्हणाली. "रंग नीट पसरून बसेपर्यंत थांबायचं आणि मग उडून जायचं, एवढंच त्याचं काम. हा आधीच पळाला. पळताना पत्रा गार करून गेला, त्यावर हवेतला ओलावा बसला आणि रंग पांढरा पडला. पहाऱ्यावरचा शिपाई असा पळाला तर महाराज काय करतात?"

"बडतर्फ!"

"आणि तो व्याह्यांनी धाडलेला असला तर?"

महाराजांनी मिशीवरून हात फिरवला. "व्याह्यांचा पुतण्या असला तरी बडतर्फ."

"मग झाला निकाल. त्याच्या जागी आमच्याकडचा मंद थिनर घ्यावा. त्याचा हलका फवारा मारला की पांढरेपणा जाईल. तो रंगाला पुन्हा मऊ करतो, अडकलेला ओलावा आधी बाहेर जाऊ देतो आणि स्वतः अगदी सावकाश उडतो."

"म्हणजे आळशी," दिवाणजींनी नाक मुरडलं. "आळशाला दरबारात जागा नाही."

"आळशी इथे पुष्कळ आहेत, दिवाणजी. हा काम संपवून उठतो, एवढाच फरक."

महाराज इतके हसले की पागोटं सावरावं लागलं. मग दिवाणजीही हसले. हसणं भागच होतं.

मिरवणुकीत गाडी अशी काळी चमकली की व्याह्यांनी तिच्यात बघून फेटा नीट केला आणि आपल्या थिनरची तोंड भरून स्तुती केली. राजवाड्याच्या मोटारखान्याच्या किल्ल्या येसूच्या कमरेला आल्या. व्याह्यांचे डबे मात्र पौष येईपर्यंत तळघरात नजरकैदेत राहिले.