वैशाखातली मेथी

“हौसाबाई लेकीकडून पोतं भरून काहीतरी आणते आणि मेथीवर...” हौसाबाई नळावर पोचली तशी कुजबुज थांबली. पण ती सेंद्रिय बाजाराचे प्रमुख भाऊसाहेब यांच्या कानी आधीच गेली होती.

बाजारात ते तिच्यापुढे येऊन उभे राहिले, मागे शिपाई छत्री धरून. “वैशाखात एवढी हिरवीगार मेथी? औषध कुठलं मारता, ते सांगा. नाहीतर उद्यापासून इथं बसायचं नाही.”

हौसाबाई जुड्या बांधतच राहिली. “भाऊसाहेब, सकाळपासून उन्हात फिरताय, तरी कोमेजला नाहीत. तुम्ही कुठलं मारता?”

“मला औषध कशाला? डोक्यावर छत्री आहे की.”

“मेथीच्या डोक्यावर लेकीच्या जुन्या साड्या बांधल्यात. शेतावर येऊन बघा.”

भाऊसाहेबांनी दोन जुड्या घेतल्या.

नळावर शेवटी एवढंच ठरलं, की पोतं मात्र खरं होतं.