माक्सून आजीचं बडवणं

फार फार वर्षं झाली, तुमच्या पणज्याच्या पणज्यालाही तेव्हा दात आले नव्हते. पार पूर्वेला, कोरिया देशात, डोंगराच्या बगलेत सोलगोल नावाचं गाव होतं. तिथं माक्सून आजी राहायची. ज्याची झोप उडाली त्यानं तिच्या दारात जावं. ती तीन बोटांनी नाडी बघायची, मनगटात नि पायात केसासारख्या सुया टोचायची, वर रानबोरांच्या बिया भाजून त्यांचा काढा पाजायची. माणूस उंबऱ्यातच घोरायला लागायचा, असं म्हणतात. तुम्हाला काढा कशाला, मी तोंड उघडलं तरी पुरतं!

पण आजी मुलखाची रागीट. आणि रागानं कापणाऱ्या हातानं सुई लावायची नाही, हा तिच्या विद्येचा नियम. म्हणून ती आधी धुतलेलं कापड दगडी पाट्यावर घालायची आणि दोन लाकडी दांडक्यांनी बडवायची. तिकडं बायकांची इस्त्री हीच. कापड गुळगुळीत, हात शांत, मग सुई.

एकदा गावावर नवा अंमलदार आला. त्याला झोप लागेना, म्हणून त्यानं अख्ख्या गावाचा गळा आवळला. आरवतात म्हणून कोंबडे कापले. बेडूक हाकलायला माणसं भाताच्या खाचरात उभी केली, पेरण्या बोंबलल्या. बडवायची दांडकी घराघरांतून उचलून कचेरीच्या अंगणात ढीग घातला. आजीची सून ओक्बुन पोटुशी होती. तिनं घरात लपून एक सदरा बडवला, तर तिलाच धरून नेली.

अंमलदार म्हणाला, "दिवस मावळायच्या आत मला झोप लागली नाही, तर हिला फटके."

आजी भर दुपारी कचेरीत गेली. अंमलदार आडवा पडला होता, डोळे लाल मिरचीसारखे.

"चल म्हातारे, टोच."

आजीनं नाडी धरली, सुई उचलली. मनात आलं, ही जरा आत सरकली तर? हात थरथरला. तिनं सुई खाली ठेवली.

"हात कापतोय, सरकार. पाटा नि दांडकी आणा."

"तो आवाज? माझ्या कानाशी?"

"मग बस जागत, मेल्या!"

शिपायांनी हसू मिशीत दाबलं. अंमलदार बिचारा झोपेला एवढा भुकेला, की म्हणाला, "आणा."

आजी बडवायला बसली. "हा कोंबड्यांसाठी! हा खाचरातल्या माणसांसाठी! हा माझ्या ओक्बुनसाठी!" पाट्यातून ठिणग्या उडाल्या, समोरचा डोंगर उलटा बडवायला लागला, असं म्हणतात. आणि अंमलदाराचा जबडा लोंबला. सुई लागायच्या आधीच गडी घोरायला लागला!

"सोडा माझ्या सुनेला," आजी हात न थांबवता म्हणाली.

ओक्बुन धावत आली. "आत्याबाई, पुरे आता. हात सुजलेत."

"थांबले की उठेल हा!"

मग ओक्बुननं ढिगातली दांडकी उचलली आणि पाट्यापलीकडं बसली. मागोमाग गावच्या बायका आल्या. पाळ्या लावून बडवत राहिल्या. इकडं पेरण्या झाल्या, ओक्बुन बाळंत झाली, कापण्याही उरकल्या. शेवटी राजानं अंमलदाराला परत बोलावलं, तेव्हा पालखीत घालून तसाच धाडला. वेशीपर्यंत बायका बडवत गेल्या, असं म्हणतात.

आजी गेली, तिचा राग काही गेला नाही. आजही सोलगोलात वैद्य सुई धरण्याआधी आजीच्या नावानं कापड बडवतो. आणि नवा साहेब गावात आला की बायका पाटे रस्त्यावर काढतात, समोरासमोर बसतात आणि तो दिसेनासा होईपर्यंत दात-ओठ खाऊन बडवतात.

साहेबाला वाटतं, स्वागत चाललंय.