खिंडीतल्या बंदुकीचा खटका

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या काळी कुत्र्यांना बोलता येत असे. मात्र त्यांचं बोलणं फक्त एकट्या माणसांनाच ऐकू येई. घरात चार तोंडं असली, की कुत्र्याचं कोण ऐकतो?

एका राज्याच्या सीमेवर, उजाड डोंगराच्या खिंडीत एक पहारेकरी राहत असे. लांडग्यांपासून वाट राखायची, हे त्याचं काम. वाटसरू क्वचित येत, आणि आले तरी थांबत नसत. उन्हाळाभर वारा तांबडी धूळ उडवी. पहारेकऱ्याला बोलायला एक खंड्या कुत्रा तेवढा होता.

एकदा त्याच्या बंदुकीचा खटका झिजला. चाप ओढल्यावर ज्याच्यामुळे ठिणगी पडते आणि बार उडतो, तो बंदुकीचा जीव म्हणजे खटका. नळी धड, दस्ता धड, पण खटक्यावाचून ती नुसती काठी. म्हणून खंड्याला घेऊन तो राजधानीत गेला.

तिथे एक म्हातारा कारागीर होता. त्याची एक रीत होती. लेक द्यायची तर आधी घर बघतात, तसा तो खटका देण्याआधी एकच प्रश्न विचारी.

"बंदूक कुठं नांदणार?"

दुकानात दरबारचे नेमबाज बसले होते. थट्टामस्करी चालली होती. पहारेकऱ्याला माणसांत बसून किती वर्षं झाली होती! खिंडीचं नाव घेतलं तर हे हसतील, असं त्याला वाटलं.

"राजवाड्याच्या बागेत," तो म्हणाला.

लगेच नेमबाजांनी सरकून जागा केली. एकाने विडा पुढे केला. पहारेकऱ्याला भरून आलं.

"धन्या, खरं सांग की," खंड्या हळूच म्हणाला. पहारेकऱ्याने त्याला पायाने मागे सारलं.

कारागिराने दोन खटके काढले होते. त्यातला एक त्याने बाजूला ठेवला. "हा ढिला आहे. खुळखुळतो, नेमही बोटभर चुकतो, पण धुळीत अडत नाही. तो रानातल्या माणसाला. तू हा घट्ट बसणारा घे. यात केसाएवढी फट नाही. चिंचोका फोडशील!"

आणि खरंच, खिंडीत परतल्यावर पहारेकऱ्याने चिंचोके फोडले. कौतुक करायला खंड्याच होता. त्याने ते मनापासून केलं.

मग वारा सुटला. धूळ उठली. त्याच संध्याकाळी लांडगे आले. पहारेकऱ्याने नेम धरला, चाप ओढला. खटका अर्ध्यावरच अडकला. त्याने पुन्हा ओढला, ठोकला, फुंकर मारली. काही केल्या हलेना.

"धन्या, तू आत जा. दार लाव," खंड्या म्हणाला, आणि लांडग्यांवर धावून गेला.

सकाळी पहारेकऱ्याने त्याला दगडांखाली पुरलं. मग बंदूक घेऊन तो पुन्हा राजधानीत गेला.

कारागिराने खटका उघडला. आतून तांबडी धूळ सांडली. "ही बागेतली माती नव्हे," तो म्हणाला.

पहारेकरी सगळ्यांदेखत रडला आणि खरं काय ते बोलला. कुणीही हसलं नाही. ज्याने विडा दिला होता, तो नेमबाज तर उठून त्याच्याजवळ येऊन बसला.

"खिंडीत राहतो म्हणाला असतास, तर तुला इथून कुणी उठवलं असतं का रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

त्याने ढिला खटका बसवून दिला. तो खुळखुळला, पण कधी अडला नाही. लांडगे खिंडीकडे फिरकेनासे झाले आणि वाटसरू निर्धास्त जाऊ लागले. पहारेकरी संध्याकाळी दाराशी बसे, तेव्हा आज आपण एक शब्दही बोललो नाही, हे त्याच्या ध्यानात येई.

म्हणून लहानथोरांनो, लक्षात ठेवा: लाजेपायी आपलं ठिकाण लपवलं, की हाती येते ती वस्तू दुसऱ्याच्याच कामाची असते.